फराळाचा धंदा: पगारी माणूस की किलोवर काम?

पुण्यात घरगुती फराळाच्या ऑर्डरी वाढल्या की हा प्रश्न येतोच. दिवाळीआधीचा महिना सोडला तर मागणी बेताची, मग बारा महिने पगार कशाला? किलोवर चकल्या, करंज्या करून देणाऱ्या बायका मिळतात. काम तेवढाच खर्च. पण नेमक्या त्याच आठवड्यांत त्यांना शहरभरातून बोलावणी असतात, आणि प्रत्येकीच्या हातची चकली वेगळी.

पगारी माणूस असला की चव एकसारखी राहते. कोथरूडच्या गिऱ्हाइकाला गेल्या वर्षीचीच चकली हवी असते, आणि ते तसं सुनावतंही! शिवाय तुम्ही आजारी पडलात तरी कढई चालू. मात्र खर्च पगारावर थांबत नाही. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा: २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाचे ३.२५ टक्के. वीस झाली की पीएफ, साधारण १२ टक्के. दिवाळीतच गावी जायची रजा वेगळी.

मी तरी भाजणी आणि तळण सांभाळणाऱ्या एकीलाच कायम ठेवेन. करंज्या भरणं, पॅकिंग बाहेर देईन. वर्षभर पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी असतील तर दुसरीचाही पगार निघतो.