फणसाच्या फळीचा सर्व्हिंग बोर्ड: अकरा महिने वापरल्यावर

परवा नणंदेचा फोन आला. "वहिनी, या नाताळाला मलाही तसाच बोर्ड करून दे." हो म्हटलं, पण कानात आधी तो टक् टक् आवाज वाजला. त्या आवाजासाठीच हे लिहायला बसले आहे.

आमचं घर वसईत. मे 2021 च्या तौक्ते वादळात परसातला फणस पडला. सॉ मिलमध्ये फळ्या चिरून घेतल्या आणि मध्ये पट्ट्या घालून माळ्यावर रचून ठेवल्या. इंचभर जाडीची फळी वाळायला वर्ष धरतात, या फळ्यांना साडेतीन वर्षं मिळाली होती. डिसेंबर 2024 मध्ये त्यातली एक खाली काढली. दीड फूट लांब, नऊ इंच रुंद, रंधा मारून पाऊण इंच जाड. पॉलिश पेपर 80, 120 आणि 220. मग ओल्या फडक्याने पुसून फळी वाळू दिली आणि पुन्हा 220 फिरवला. पाणी लागलं की लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते आधीच उठवून घासून टाकायचे. ही पायरी गाळलीत तर पहिल्याच धुण्यात बोर्ड खरखरीत होईल.

शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल अजिबात लावू नका. ते चिकट होतं आणि पुढे खवट वास मारतं. मी मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन, म्हणजे खवट न होणारं खनिज तेल आणलं, चार भाग तेलाला एक भाग मधमाश्यांचं मेण, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवलं. एकूण खर्च 310 रुपये. मॉलमध्ये एवढाच बोर्ड 2,400 ला होता आणि लाकूड कुठलं हे त्यावर लिहिलेलंही नव्हतं. तेलाचा पहिला हात फिरला तेव्हा पिवळी फळी मधासारखी झाली. मी किती वेळ नुसती बघत बसले होते. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना आटपून घरी आलो, बोर्डवर मधोमध केक, एका बाजूला नेवऱ्या, दुसऱ्या बाजूला दोदोल, म्हणजे नारळ-गुळाच्या वड्या. कुलकुल, म्हणजे तळलेले गोड वळे, मात्र वाटीतच ठेवा, सपाट फळीवरून ते घरंगळतात.

तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

जानेवारीत एका सकाळी पाव कापायला घेतला आणि टक्. सुरी पुढे गेली की टक्, मागे आली की टक्. बोर्ड उलटा करून मोजायची सरळ पट्टी लावली, तर खालची बाजू मध्यभागी फुगलेली. दोन्ही कडांखाली लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकेल एवढी फट. नवरा म्हणाला, मला तर ऐकूही येत नाही. मला मात्र दुसरं काही ऐकू येईना. घडी घातलेला पेपर खाली सरकवून चार महिने काढले. जूनमध्ये पाऊस लागला आणि फट रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी झाली. जळफळाट झाला नुसता. चिरणाऱ्याने फळीच वाकडी काढली, अशी माझी खात्री पटली होती.

जुलैमध्ये बोर्ड पिशवीत घालून त्याच सॉ मिलवर गेले. चिरणावळ परत मागायचीच या तयारीने. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं, बोर्ड हातात घेतला, उलटा केला आणि अंगठा फिरवला. "ताई, खालून कोरडी का ठेवली?"

खालून तेल लावलंच नव्हतं. खालचं कोण बघतं, म्हणून मेण वाचवलं होतं. त्यात धुतलेला बोर्ड मी रोज ओट्यावर आडवा ठेवायचे. वरची बाजू तासाभरात सुकायची, खालची ओल्या कडाप्प्यावर बसून राहायची. लाकूड पाण्याने लांबीत जवळजवळ वाढतच नाही, रुंदीत वाढतं. खालची बाजू पाणी पिऊन रुंद झाली, वरची तेलामुळे होती तेवढीच राहिली, म्हणून फळी खाली फुगली. पावसाळ्यात हवाच ओली, मग आणखी फुगली. चिरणाऱ्याचा काही दोष नव्हता. मी तिथेच त्यांची माफी मागितली. चिरणावळीचं मत तर बदललंच, लाकडाबद्दलचंही बदललं.

उपाय त्यांनीच सांगितला. ओलसर पंचा पसरायचा, त्यावर बोर्ड पालथा घालायचा, म्हणजे खोलगट बाजू पंचावर आणि फुगलेली बाजू वर, हवेत. एका रात्रीत निम्मी फट गेली, दुसऱ्या रात्री पट्टी सपाट बसली. मग दोन दिवस उभा ठेवून वाळवला आणि सगळ्या बाजूंना तेल-मेण लावलं. फळीच्या दोन टोकांना तर तीन-तीन हात. टोकाकडून लाकूड पाणी भराभर ओढतं, तिथे तेल टाकाल तेवढं पितं.

मध्यंतरी सासूबाईंनी पोळपाट पुढे केला. "याला तीन पाय आहेत, हा कधी डुगडुगला का?" मुद्दा अगदी बरोबर. तीन पाय कुठेही टेकतात. मी बोर्डाखाली तीन नाणी ठेवून बघितलं. डुगडुग थांबली, पण एकच नाणं असलेल्या बाजूच्या कोपऱ्यावर सुरी दाबली की बोर्ड उलटायला बघतो. पोळपाट गोल आणि लाटणं मधोमध चालतं, म्हणून तिथे जमतं. खाली आडव्या पट्ट्या चिकटवायचाही विचार होता, तो मिस्त्रींनी मोडून काढला. पट्टीने फळीची रुंदी आवळून धरली तर फळी तडकते.

बाकी थोडक्यात. बीटचा डाग लिंबू-मिठाने फिका होतो, पूर्ण जात नाही. कांद्याचा वास त्यानेच जातो. रंग पिवळ्याचा आता तपकिरीकडे गेला आहे, फणसाचा तो जातोच, आणि मला हा जास्त आवडतो. तेल महिन्याने लावते, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. धुतला की उभा.

ऑक्टोबरचं ऊन झालं, मधे अवकाळी पाऊसही झाला, पट्टी सपाट बसते. टेबलावर आवाज नाही. ओट्यावर एका कोपऱ्यात दाबलं तर केसभर हलतो, पण तो ओट्याचा उतार आहे, काचेवर ठेवून खात्री केली.

नणंदेसाठी माळ्यावरून दुसरी फळी उतरवली आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी रंधा मारायचा. तेलाला या वेळी खालच्या बाजूने सुरुवात करणार.