पद्मिनी दुरुस्तीला दिली, इंजिनच गायब केलं

एकूण 2,52,500 रुपये गेले. डेंटिंग-पेंटिंग 1,45,000, इंजिन 62,000, वायरिंग 18,500, सीटा आणि क्रोम 27,000. यातले 1,10,000 रोख दिले, पावती नाही. "साहेब, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

गाडी वडिलांची, 1983 ची प्रीमियर पद्मिनी. साताऱ्याच्या घरामागे शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी. पत्रा सडला होता, पण 1089 सीसीचं इंजिन फारसं न वापरलेलं, एकदाही न खोललेलं. हे मीच त्या गॅरेजवाल्याला कौतुकाने सांगितलं. त्याच्या दारात चार जुन्या गाड्या चकचकीत उभ्या होत्या. माझ्या जागी कुणीही असता तर भुललाच असता.

काम चालू असताना मला येऊ देत नव्हता. "गाडी उघडी पडलीय साहेब, प्रायमर झाल्यावर या." व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मात्र यायचे. एका फोटोत बोअरिंग (सिलिंडरची आतून दुरुस्ती) करून आलेलं "आपलं" इंजिन होतं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सीएनजीचा मिक्सर, म्हणजे हवेत गॅस मिसळणारा भाग! आमची गाडी जन्मात गॅसवर चालली नाही. तो फोटो मी मोठा करून पाहिला, विचारलंसुद्धा. म्हणाला, "कार्ब्युरेटर दुसऱ्या गाडीचा आहे, टेस्टिंगपुरता लावलाय." बोलताना जराही अडखळला नाही. आज तो फोटो पाहिला की डोकं भणभणतं. इंजिन नंबरचा फोटो मागायचा तो त्याच क्षणी. पण मुळात पत्र्यासाठी गाडी दिलेला माणूस इंजिनवर पहारा ठेवतो का?

मुंबईतल्या सीएनजीवर चालणाऱ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाल्या. तेव्हापासून त्यांचे सुटे भाग भंगारात मिळतात. तसलंच घासलेलं इंजिन माझ्या गाडीत बसवलं. मागचा दरवाजाही तिथलाच असावा. ओरखडा गेला तिथे पांढऱ्याखालून काळा रंग निघाला.

पत्र्याचं म्हणाल तर पहिल्याच पावसात रंगाला फोड आले. दुसऱ्या मिस्त्रीने रॅम्पवर घेऊन स्क्रूड्रायव्हर टोचला, तो फ्लोअरमधून आरपार गेला. नवा पत्रा वेल्ड केलेलाच नव्हता. गंजावर फायबर, त्यावर पुट्टी, खालून डांबराचा थर. लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटत नाही तिथे पत्रा नाही.

खरा छळ पुढे. आरसी नूतनीकरणाच्या तपासणीत इंजिन नंबर जुळेना. आरटीओतले साहेब म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी आरटीओकडून लेखी आणा. वर ठाणे अंमलदाराचा प्रश्न: "इंजिन चोरीला गेलं म्हणता, पण गाडीत इंजिन आहे ना?" मग "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा". विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लांबवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे, फसवणूक 318 खाली. हे मी त्यांना सांगायचं? खिडकीवरच्या एका शहाण्याने सुचवलं, "विंटेजमध्ये करून टाका." त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हावी लागतात. म्हणजे 2033 पर्यंत थांबू!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. यूपीआयचे 1,42,500 दाखवता येतात. रोखीचं तो साफ नाकारतो. गाडी देताना जॉबकार्डवर चासी आणि इंजिन नंबर लिहून सही-शिक्का घ्या. तयार नसेल तर टोइंगवाल्याला तिथूनच मागे फिरवा. उघडा पत्रा बघू देत नाही त्याला पुढचा हप्ता देऊ नका.

माझं इंजिन आज कुणाच्या तरी पद्मिनीत आहे. पुण्याच्या आसपास कुणी अलीकडे "न खोललेलं, ओरिजिनल" म्हणून इंजिन घेतलं असेल, तर ब्लॉकवरचा नंबर वाचा आणि ते कुठल्या गाडीतून निघालं याचा कागद विकणाऱ्याकडे मागा. तुमचीही गाडी तपासणीत अडकणारच आहे.