चुकीचं आर्ग्युमेंट आलं तर: सांभाळून घ्यायचं, नल द्यायचं की तिथेच थांबायचं?

फंक्शनला दिलेली किंमत, म्हणजे आर्ग्युमेंट, चुकीची आली तर त्याने काय करायचं, हा निर्णय बहुतेक टीम घेतच नाहीत. पहिलं फंक्शन ज्याने लिहिलं त्याच्या सवयीने तो होऊन जातो, आणि पुढे कधी कोड वाचायला बसलं की एकाच मॉड्यूलमध्ये तिन्ही तऱ्हा सापडतात. एक फंक्शन तारीख रिकामी आली की आजची धरतं, शेजारचं नल, म्हणजे 'काहीच नाही' अशी खूण, परत करतं, तिसरं एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक जाहीर करून काम तिथेच थांबवतं. तुम्ही नव्याने काही उभारत असाल आणि यातली एक रीत ठरवून घ्यायची असेल, तर एक गोष्ट आधीच सांगतो: माझा अनुभव इंदूरच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिण्यातला आहे. गेम लिहिणाऱ्यांना यातलं सगळं पटेलच असं नाही.

पहिली तऱ्हा सांभाळून घेण्याची. आर्ग्युमेंट आलं नाही तर डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवलेली किंमत, धरा, वाकडं आलं तर सरळ करून घ्या आणि पुढे चला. हिला कमी लेखू नका, हिचं घराणं मोठं आहे. १९८० साली जॉन पोस्टेलनी टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांच्या, आराखड्यात हेच लिहून ठेवलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. वेगवेगळ्यांनी बनवलेली यंत्रं एकमेकांशी बोलायची असतील तर त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. आणि व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हीच तऱ्हा लाडकी. संध्याकाळी इंदूरच्या सियागंज बाजारात गाडी भरून उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात एरर. शेटजींचं म्हणणं ठरलेलं असतं, "भिया, बिल निकलना चाहिए, बाकी बाद में देख लेंगे." त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

काही ठिकाणी डिफॉल्ट खरोखरच योग्य असतं. बिलाच्या किती प्रती छापायच्या, दशांशानंतर किती आकडे दाखवायचे, अशा आर्ग्युमेंटना डिफॉल्ट नसेल तर मीच वैतागेन. तिथे डिफॉल्ट हा ठरवून दिलेला अर्थ असतो. अडचण होते ती डिफॉल्ट हा अंदाज असतो तेव्हा.

माझा कौल ज्या एका कटकटीने फिरवला ती अशाच अंदाजाची. आमच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कराचा प्रकार ठरवायला बाहेरून घेतलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, होती. तिला खरेदीदाराच्या राज्याचा कोड द्यायचा. मध्य प्रदेशाचा २३, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, राजस्थानचा ०८. कोड २३ असेल तर राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा कर), दुसरा कुठला असेल तर परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी. इतकं सरळ. पण पार्ट्यांची यादी यायची एक्सेलमधून, आणि एक्सेलला ०८ मधलं शून्य नकोसं असतं. ते ८ करून टाकतं. लायब्ररीच्या तक्त्यात ८ नाही. मग तिने काय करावं? तिच्या लेखकाने विचार केला असावा की कोड ओळखता आला नाही तर गिऱ्हाईक गावातलंच असणार, धरा २३. राजस्थानातल्या कोटा शहराची पार्टी तिच्या लेखी इंदूरची झाली.

आता यात खरी मेख कुठे आहे ते बघा. ५ टक्क्यांच्या मालावर आयजीएसटी लावा किंवा अडीच अधिक अडीच लावा, बिलाची बेरीज तीच येते. पैसे तेवढेच आले, रोकड जुळली, बँकेचं खातं जुळलं, कुणाच्या कपाळावर आठी नाही. महाराष्ट्र आणि गुजरातची बिलं बरोबर निघत होती, त्यामुळे टेस्टिंगमध्येही सगळं हिरवं. उलगडा झाला तो सीए साहेबांच्या टेबलावर, ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायच्या घाईत. तिकडे कोट्याच्या पार्टीला दिलेल्या कराचं क्रेडिट मिळण्यात अडचण, इकडे योग्य कर पुन्हा भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा. बग शोधायला आम्ही बसलो तर हातात ना एरर, ना लॉग (प्रोग्रामने ठेवलेली नोंद), ना स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या फंक्शनांतून आली त्याची यादी). फक्त व्यवस्थित छापलेली चुकीची बिलं.

फंक्शनने काही चुकीचं केलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण 'कोड न सापडल्यास स्वतःचं राज्य' असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एका ओळीत लिहिलेलं होतं.

दुसरी तऱ्हा मधली म्हणायची. स्वतः अंदाज करायचा नाही, पण थांबायचंही नाही. नल द्या, उणे एक द्या, 'हा आकडा नाही' असं सांगणारं नॅन द्या, आणि पुढचं कॉल करणाऱ्यावर, म्हणजे फंक्शन वापरणाऱ्या कोडवर, सोडा. उणे चारचं वर्गमूळ मागितलं तर जावास्क्रिप्ट नॅन देते. पायथनचं मॅथ मॉड्यूल सरळ व्हॅल्यूएरर फेकतं. माझ्या मते नॅन निदान प्रामाणिक आहे, बेरजेत शिरलं की बेरीजही नॅन होते आणि बिलावर छापलं गेलं तर शेटजींनाही दिसतं. नल तसा नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली बेरीज नल असलेल्या ओळी गुपचूप वगळते आणि एक सुबक, कमी रक्कम समोर ठेवते. सी भाषेत अक्षरांचा आकडा करणाऱ्या एटॉय फंक्शनची तर गंमतच आहे. त्याला 'अबक' दिलं तरी शून्य, '०' दिलं तरी शून्य. कॉल करणाऱ्याने तपासायचं म्हटलं तरी तपासणार काय? संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं, ते उगीच नाही.

गो किंवा रस्ट या भाषांमध्ये काम करत असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी सौम्य करून वाचा. गोमध्ये उत्तरासोबत एरर वेगळी येते, रस्टमध्ये रिझल्ट, म्हणजे उत्तर किंवा एरर यांपैकी एक असलेली किंमत, येतो आणि तो तसाच टाकून दिला तर कंपायलर कुरकुरतो. ही मधल्या तऱ्हेची सुधारलेली पिढी आहे, मला आवडते. पण गोमध्ये एररच्या जागी अंडरस्कोर टाकून, म्हणजे ती न बघताच सोडून, निसटणारे कमी नाहीत.

तिसरी तऱ्हा म्हणजे तिथल्या तिथे एक्सेप्शन. फंक्शनच्या पहिल्या ओळीतच तपासा आणि बसत नसेल तर कामाला हात लावू नका. बर्ट्रांड मेयर यांनी आपल्या आयफेल भाषेत याला कराराचं रूप दिलं: अटी पूर्ण करून आर्ग्युमेंट देणं ही कॉल करणाऱ्याची जबाबदारी, त्या मोडल्या तर फंक्शन उत्तर द्यायला बांधलेलं नाही. गेल्या काही वर्षांत भाषाही हळूहळू याच बाजूला सरकताना दिसतात. जावा ७ मध्ये नल आला की लगेच अडवणारं तयार फंक्शन आलं. वेबसाइटसाठी वापरली जाणारी पीएचपी तर सांभाळून घेण्यासाठी प्रसिद्ध, पण २०२० च्या पीएचपी ८ पासून तिचीही अंगभूत फंक्शनं चुकीच्या प्रकारचं आर्ग्युमेंट आलं की वॉर्निंग देऊन नल परत करण्याऐवजी टाइपएरर फेकतात.

फायदा एकच, पण तो मोठा. चूक जिथे जन्मली तिथेच ती सापडते. स्टॅक ट्रेसची वरची ओळ वाचली की काम अर्धं झालं. मात्र संदेश नीट लिहा. 'अवैध आर्ग्युमेंट' एवढंच लिहिणाऱ्याला मी कोड रिव्ह्यूत परत पाठवतो. 'राज्य-कोड दोन अंकी हवा, आला "८", पार्टी मास्टरची अमुक ओळ' असं असेल तर रात्री फोन आला तरी झोपेतून उठून सांगता येतं.

हिचे ताप नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा ताप आयातीच्या वेळी. पार्ट्यांची लांबलचक यादी चढवताना पहिल्या चुकीलाच फंक्शन थांबलं, ती दुरुस्त केली, पुन्हा चढवली, तर पुढच्या चुकीला पुन्हा थांबलं. मुनीमजी असा वेळ फार तर एकदा सहन करतात. दुसरा ताप आपल्याच माणसांचा. एक्सेप्शन फार येतात म्हणून कुणीतरी सगळ्याभोवती एक्सेप्शन झेलणारं ट्राय-कॅच गुंडाळतं आणि कॅच रिकामं सोडतं, म्हणजे झेललेल्या चुकीचं काहीच करत नाही. मग तुम्ही फिरून पहिल्याच तऱ्हेवर आलात, वर कोडही वाढला.

म्हणून मी वेशीवर एक वागणूक ठेवतो आणि आत दुसरी. वेस म्हणजे जिथून माहिती आत येते ती जागा: फॉर्म, एक्सेल, बाहेरचा एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायचा दुवा). तिथे सगळ्या ओळी तपासून सगळ्या चुका एकत्र, माणसाला कळतील अशा भाषेत दाखवायच्या. एक्सेलने खाल्लेलं शून्यही तिथेच परत लावायचं, आणि ते लावल्याचं वापरणाऱ्याला दाखवायचं. उदारपणा करायचा तर तिथे, सगळ्यांदेखत. आतल्या फंक्शनपर्यंत ८ पोचलाच, तर कर काढणाऱ्या फंक्शनने तो ०८ असावा असा समज करून घ्यायचा नाही, त्याने एक्सेप्शन फेकायचं. सियागंजातले जुने मुनीमजी हातानं बिल लिहायचे तेव्हाही गाव कळल्याशिवाय पेन टेकवत नसत, तिथूनच ओरडून विचारत. शेटजी तेव्हाही घाईतच असायचे.

तुमचं सॉफ्टवेअर थांबणं हेच नुकसान असेल, म्हणजे व्हिडिओ दाखवणं किंवा बातम्यांचं पान, तर पहिली तऱ्हा बेलाशक घ्या. फोटोची रुंदी आली नाही म्हणून पूर्ण पान पाडण्यात काही शहाणपण नाही. पण पैसा, कर, औषधाची मात्रा असं काही फंक्शनमधून जात असेल तर मला तरी तिसरीच बरी वाटते.

जुन्या कोडमध्ये ही रीत आणायची असेल तर एका रात्रीत सगळीकडे एक्सेप्शन पेरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घेणं मुश्कील होईल. आधी जिथे जिथे डिफॉल्ट लागतंय तिथे फक्त लॉग करा आणि एक पूर्ण महिना, रिटर्न भरण्याच्या दिवसांसकट, जाऊ द्या. कुठली फंक्शनं रोज अंदाजावर चालतात ते कळेल. मग तेवढ्यांनाच हात घाला. आणि तपासणीसाठी असर्ट, म्हणजे अट खोटी ठरली तर प्रोग्राम थांबवणाऱ्या ओळी, वापरू नका. जावामध्ये ते मुळात बंद असतात, पायथनमध्ये ऑप्टिमायझेशनचा ओ पर्याय लावला की गळून जातात. म्हणजे तुमच्या मशीनवर पहारा आणि गिऱ्हाइकाकडे दार सताड उघडं. साधं इफ (अट) आणि त्याखाली थ्रो (एक्सेप्शन फेकणं) पुरतं.