ट्रॅक्टर: नवा मिनी की जुना मोठा?

एका भाऊंची २ एकर शेती, त्यात अर्धी आंब्याची बाग, आणि भाऊ अडकलेत, महिंद्राचा नवा मिनी ट्रॅक्टर जीवो २४५ घेऊ की जुना मोठा २६५ डीआय. पैशात जुनाच स्वस्त, पार्ट तालुक्याला मिळतात, गावचा मेकॅनिकही खोलतो, पण घेण्याआधी इंजिन थंड असताना स्टार्ट करून बघा, हायड्रॉलिकला (मागच्या लिफ्टला) वजन लावून थोडा वेळ उचलून ठेवा, खाली बसतंय का कळेल, आणि आरसीवर बँकेचा बोजा नाही ना तेही बघा (हे लोक हमखास विसरतात). मिनी २४ एचपीचाच, पण फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकं ओढतात), झाडांखालून आरामात फिरतो, चिखलात कमी फसतो. भरलेली ट्रॉली चढावर मात्र त्याला जड जाते. बाग, फवारणी, गवत असेल तर मिनी. खोल नांगरट, वाहतूक आणि शेजाऱ्यांची भाड्याची कामं करायची तर जुना २६५.