लिस्बनजवळच्या टाइल-चित्रण शिबिरातील सहा दिवस

पणजीच्या इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या टाइलांची चित्रे मी शाळेत असल्यापासून पाहत आले आहे. जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची ही 1935 ची कामे पाहताना, एवढी मोकळी आणि तरीही नेमकी रेघ हाताने कशी ओढली असेल, हा प्रश्न मला नेहमीच पडत असे. त्याच ओढीने मे महिन्यात मी लिस्बनपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या एका गावातील सहा दिवसांच्या निवासी शिबिराला गेले. राहणे, जेवण, साहित्य आणि भट्टीचा खर्च धरून शुल्क 980 युरो होते. विमानभाडे आणि शेंगेन व्हिसाचे 90 युरो वेगळे. एवढा खर्च करून जावे का, असे अनेकांनी विचारल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

या टाइलांना पोर्तुगीजमध्ये 'अझुलेझू' म्हणतात. 'अझुल' म्हणजे निळा, त्यामुळे हा शब्द रंगावरून आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो घोटीव दगडाच्या लहान तुकड्यासाठी असलेल्या अरबी शब्दावरून आला आहे. पहिल्या दिवशी ओळखी झाल्यावर आमच्या हाती 14 सेंटिमीटर चौरसाच्या, एकदा भाजलेल्या तांबूस टाइला देण्यात आल्या आणि त्यांवर पांढरी झिलई ओतायला शिकवले गेले. कथिलाच्या ऑक्साइडमुळे ही झिलई भाजल्यावर अपारदर्शक पांढरी होते. वाळलेल्या अवस्थेत मात्र ती नुकत्याच चुना लावलेल्या भिंतीसारखी भुरभुरीत असते आणि नखाचा धक्काही तिला सोसत नाही. टाइल नेहमी कडांनीच धरा, बोट पृष्ठभागाला लावू नका, ही सूचना शिक्षिकेने त्या दिवशी किती वेळा दिली असेल याची मोजदाद नाही.

नक्षी उतरवण्याची रीत पाहून मला माझ्या आईचे भरतकाम आठवले. आई बटर पेपरवर नक्षी काढून ती सुईने टोचून घ्यायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवून कापडावर ठिपके उमटवायची. इथेही कागद तसाच टोचायचा असतो; फक्त निळीऐवजी कोळशाची पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधून हलकेच थोपटायची. त्या पुरचुंडीला 'बोनेका', म्हणजे बाहुली, म्हणतात. कोळशाचे ठिपके भट्टीत जळून जातात आणि मागे फक्त रंगाची रेघ उरते.

खरी परीक्षा पुढे होती. कोरडी झिलई ब्रशमधील पाणी टेकताक्षणी शोषून घेते. हात जिथे अडखळतो तिथे रंगाचा गडद थेंब बसतो आणि तो पुसता येत नाही. भर म्हणजे कोबाल्टचा रंग भाजण्यापूर्वी काळपट दिसतो, त्यामुळे निळ्याची कोणती छटा उमटणार हे डोळ्यांना कळत नाही. ते रंगाच्या पातळपणावरून आणि अनुभवावरूनच ओळखावे लागते. शिक्षिकेने दुसरा अख्खा दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ आम्हाला फक्त काठाच्या रेघा आणि पानांची वळणे काढायला लावली. मनगट टेकवायचे नाही, खांद्यापासून हात हलवायचा, नजर ब्रशच्या टोकावर न ठेवता रेघ जिथे संपणार तिथे ठेवायची. सोबतच्या काहींना हे कंटाळवाणे वाटले. माझ्या मते मात्र शुल्काचे मोल याच दीड दिवसात होते, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा एक लांब वळण न थांबता पूर्ण झाले आणि ती जाणीव हातात अजून आहे.

एका सकाळी तेलकट काळ्या रेषेने रंगीत झिलया वेगळ्या ठेवण्याची जुनी पद्धत दाखवली गेली. ती घाईत उरकली आणि नसती तरी चालले असते. लिस्बनच्या राष्ट्रीय टाइल संग्रहालयाची भेट मात्र अत्यंत मोलाची ठरली. 1509 मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या वास्तूतील या संग्रहालयात 1700 च्या सुमाराचे लिस्बनचे सुमारे 23 मीटर लांबीचे टाइलचित्र आहे आणि त्यात 1755 च्या भूकंपापूर्वीचे शहर नदीकाठाने घरामागून घर पाहता येते. तीन दिवस स्वतः रेघा ओढलेल्या असल्यामुळे, कुठे ब्रश भरलेला होता आणि कुठे तो कोरडा पडत आला होता, हे आता दिसू लागले होते.

आयोजनाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. जाहिरातीत कमाल आठ जण म्हटले होते, प्रत्यक्षात आम्ही बारा होतो आणि भट्टी एकच होती. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चित्राची एकच भाजणी आली, तीही पाचव्या रात्री. भट्टी सुमारे हजार अंशांपर्यंत तापते आणि सावकाश निवू द्यावी लागते, घाईने उघडल्यास टाइला तडकतात. म्हणून सहाव्या दिवशी दुपारी ती उघडली आणि तासाभरात आमची बस होती. निळा रंग कुठे फिका पडला, कुठे जाड झाला, हे शिक्षिकेसोबत बसून समजून घ्यायला वेळच उरला नाही. चुकांतून शिकण्याच्या या कलेत हे मोठे नुकसान आहे. मध्येच एक छोटी भाजणी ठेवली असती, तर शेवटच्या कामात तिचा उपयोग झाला असता. पैसे भरण्यापूर्वी किती भाजण्या मिळणार आणि शेवटची कधी, हे लेखी विचारून घ्यावे.

शाकाहाराची सोय आधी कळवल्यामुळे नीट झाली. शिबिरानंतर एक दिवस हाताशी ठेवून पोर्तोचे साव बेंतु रेल्वे स्थानक अवश्य पाहावे. तिथल्या सुमारे 20,000 टाइला कोलासो यांच्याच आहेत आणि पणजीच्या कामाशी त्यांचे नाते लगेच ओळखू येते.

माझ्या बारा टाइलांपैकी अकरा कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतून पणजीला आल्या. बाराव्या टाइलवर माझ्या अंगठ्याचा तेलकटपणा लागला होता, तेवढ्या जागेची झिलई भट्टीत सरकून तांबूस माती उघडी पडली होती. ती शिक्षिकेने पुढच्या तुकडीला दाखवण्यासाठी मागून घेतली.