पुण्यातली ‘फर्टिलिटी चेकअप’ पॅकेजेस: पहिल्या बाळापुरती बरी, दुसऱ्याचं काय?

कोथरूडपासून खराडीपर्यंत लॅबवाले हल्ली गर्भधारणेची क्षमता तपासणारं हे पॅकेज विकतात. गाभा बहुधा सारखाच, संप्रेरकांच्या रक्ततपासण्या: एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं), टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं), कुठे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं एफएसएच (बीजकोष वाढवणारं). नुसतं रक्त घेणारं पॅकेज अपुरं आहे. अंडाशयातले बीजकोष मोजणारी सोनोग्राफी आणि नवऱ्याची वीर्यतपासणी असेल तरच पैसे मोजा.

वीर्याचा नमुना दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून द्यायचा आणि तो तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून हे जमणं कठीण, म्हणून लॅबमध्येच द्या. उशीर झाला किंवा नमुना गार पडला, की शुक्राणूंची हालचाल कमी दिसते आणि विनाकारण औषधं मागे लागतात.

एएमएच कुठल्याही दिवशी चालतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते कमी येतं, पीसीओएस (अंडाशयात अनेक छोटे बीजकोष आणि अनियमित पाळी असा विकार) असेल तर जास्त. एककही बघा: 1.5 नॅनोग्रॅम प्रति मिली आणि 10.7 पिकोमोल प्रति लिटर म्हणजे एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. मुळात हा आकडा बीजांचा साठा सांगतो, दिवस राहतील की नाही ते नाही. 2017 च्या अमेरिकी अभ्यासात 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या बायकांमध्ये एएमएच कमी असूनही गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही.

खरी उणीव वेगळीच. मुलं किती हवीत, हा प्रश्न फॉर्मवर नसतोच, आणि उशिराचा फटका बसतो तो दुसऱ्या मुलाला. तेहतिसाव्या वर्षी सुरुवात केली, दिवस राहायला वर्ष गेलं, की बाळंतपण पस्तिशीच्या उंबरठ्यावर. जागतिक आरोग्य संघटना पुढच्या गर्भधारणेआधी 24 महिने थांबा म्हणते. म्हणजे दुसऱ्यासाठी प्रयत्न सदतिसाव्या वर्षी! नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या 2015 च्या गणितानुसार, आयव्हीएफशिवाय (म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराशिवाय) 90 टक्के शक्यता हवी तर एका मुलासाठी 32, दोघांसाठी 27 आणि तिघांसाठी 23 या वयापर्यंत प्रयत्न सुरू व्हावेत. आयव्हीएफची तयारी असेल तर 35, 31, 28. आयव्हीएफशिवाय अडतिसाव्या वर्षी सुरू केलं तरी दोन मुलांची निम्मी शक्यता उरते, हेही त्याच गणितातलं.

एकच मूल पुरे असेल आणि वय तिशीच्या आत, तर पॅकेज सोडा. दोन हवी असतील तर रिपोर्टसोबत समुपदेशन मागा. पस्तिशीच्या आत वर्षभर, पुढे सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर पॅकेजच्या नादी न लागता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठा.