‘8 दिवसांत घरच्या घरी म्हशीचं कातडं कमवा’ : या किटपासून सावध राहा

कातडं कमवणं म्हणजे ते कुजू नये म्हणून त्याचं टिकाऊ चामडं करणं. या किटमधली फसवणूक अशी होते. खारवलेलं अख्खं म्हशीचं कातडं, सोबत 3 किलो तपकिरी पावडर आणि एक छापील कागद. पावडर पाण्यात कालवा, कातडं 8 दिवस बुडवून ठेवा, सावलीत वाळवा, चामडं तयार. आठव्या दिवशी कातडं खरंच मऊसर दिसतं. घेणारा खूश होतो, पट्टे कापतो, चपलेचे तळ काढतो. पहिल्या पावसात तळ फुगतो, बुळबुळीत होतो आणि वाळला की लाकडासारखा कडक. विक्रेता म्हणतो, तुमचंच काहीतरी चुकलं. नवशिक्याला ते पटतं, म्हणून पैसे परत मागायला कोणी जातच नाही. असे तळ आम्ही कापून पाहिले आहेत. त्या माणसांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

पावडरीत असते तुरटी, मीठ आणि रंग. तुरटी-मिठाने कातडं मऊ होतं, तात्पुरतं टिकतंही, पण तुरटी तंतूंना पक्की धरत नाही. पाणी लागलं की धुऊन जाते आणि उरतं कच्चं कातडं.

हे पकडायला साधा हिशोब पुरतो. केस आणि मांस काढलेल्या 25 किलो कातड्याला झाडाच्या सालीने कमवायचं तर सुमारे 6 किलो तरी टॅनिन (सालीतला तुरट पदार्थ, जो तंतूंना पक्का धरतो) लागतं. बाभळीच्या सालीत ते साधारण 12 ते 15 टक्के, म्हणजे 40 ते 50 किलो साल हवी. हिरड्यात 30 टक्क्यांच्या आसपास असतं, तरी 20 किलो. वॅटल या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या अर्काची तयार पावडर घेतली तरी 9 ते 10 किलोच्या खाली भागत नाही. मग 3 किलोत कसं जमलं? तुरटीचं प्रमाण मात्र कातड्याच्या वजनाच्या 8 ते 10 टक्के आणि मीठ त्याच्या निम्मं. बेरीज करून बघा, बरोबर पिशवीतल्या वजनाजवळ येते.

घरी तपासायचं असेल तर चिमूटभर पावडर कोमट पाण्यात विरघळवा आणि हिराकसाच्या (लोहाचं सल्फेट) पाण्याचे दोन थेंब टाका. टॅनिन असेल तर पाणी लगेच काळंनिळं किंवा काळपट हिरवं होतं. नुसता रंग असेल तर तसं होत नाही. मात्र काही जण वासासाठी मूठभर हिरडापूड मिसळतात, तेव्हा ही चाचणी फसते. म्हणून दुसऱ्या ग्लासात तीच पावडर विरघळवून धुण्याचा सोडा टाका. तुरटी असेल तर जोरात फसफसतं आणि फुलाफुलांचा गाळ बसतो.

दाखवायच्या व्हिडिओतही एक खोट असते. त्यात बहुतेकदा शेळीचं कातडं असतं, दीड-दोन मिलिमीटरचं. म्हशीचं 6 मिलिमीटर सहज भरतं, मानेकडे त्याहून जाड. द्रव आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो: जाडी तिप्पट, तर वेळ जवळपास नऊपट. कोल्हापूरकडे चपलांसाठी म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून, आत साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगण्याची रीत आहे ती याच जाडीमुळे: पाणी वजनाने आतून झिरपत राहतं. हौदात बुडवून करायचं तर पहिलं पाणी अगदी फिकट घ्यायचं आणि दर काही दिवसांनी दाट करत न्यायचं. सुरुवातीलाच दाट पाणी दिलं तर वरचा थर आवळून बसतो आणि मधला गाभा कच्चा राहतो. जाड कातड्याला यात महिने जातात. 8 दिवसांचं आश्वासन इथेच खोटं ठरतं.

‘कमावलेलं’ म्हणून तयार चामडं घेत असाल तर सर्वांत जाड जागी, म्हणजे मानेला, आरपार कापून दाखवायला सांगा. रंग कडेपासून कडेपर्यंत सारखा हवा. मध्ये फिकट, शिंगासारखी चकचकीत रेघ दिसली की गाभा कच्चा. उकळत्या पाण्याची चाचणी इथे करू नका. ती क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेल्या, चामड्यासाठी आहे, सालीचं अस्सल चामडंसुद्धा उकळत्या पाण्यात आकसतं.

कच्च्या कातड्याच्या वजनातही लूट होते. भाव किलोवर असतो, म्हणून आत मीठ, माती, शेण आणि न काढलेलं मांस तसंच ठेवतात. झटकून घेतल्याशिवाय तोलू देऊ नका. पोटाकडचे आणि जांघेतले केस ओढून बघा. सहज उपटले आणि अमोनियासारखा वास आला, तर सोलल्यावर मीठ लावायला उशीर झालाय, कातडं आतून सडू लागलंय. मांसाच्या बाजूने सुरीचे काप अर्ध्या जाडीपेक्षा खोल असतील तर तिथे तळ निघणार नाही. मेलेल्या जनावराचं कातडं स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, काळपुळीचा (अँथ्रॅक्स) धोका असतो. म्हशीचंच आहे असं लिहिलेलं बिल घ्या: महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून वळू आणि बैल यांच्याही कत्तलीला आहे.

किटमध्ये केस काढायला सोडियम सल्फाइड दिलं असेल तर ते व्हिनेगर, लिंबू किंवा कुठल्याही आम्लाजवळ नेऊ नका. त्यातून निघणारा वायू जीव घेऊ शकतो. कागदावर ही सूचना नसते, ही आमच्या मते पैशांपेक्षाही मोठी फसवणूक. नवशिक्याने फक्त चुना वापरावा: 25 किलो कातड्याला अडीच किलो चुना, त्याचं वरचं निवळलेलं पाणी नव्हे तर पूर्ण कालवण, 75 लिटर पाणी, रोज ढवळणं. केस सुटायला आठवडा-दहा दिवस लागतील, लागू द्या.

तुरटीचं कातडं हातात येऊन पडलंच असेल आणि कुजका वास नसेल तर फेकू नका. गार पाण्यात मीठ निघेपर्यंत धुवा आणि वाळू न देता लगेच बाभळीच्या फिकट पाण्यात टाका. धुण्याआधी कोपऱ्याचा एक तुकडा आणि वाटीभर पावडर बाजूला ठेवा, पिशवीवरचं लेबल आणि पैसे भरल्याची पावती जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. पैसे ऑनलाइन भरले आणि विक्रेता गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर, तेही त्याच दिवशी.